तयारी दाखवणे आणि तयारी असणे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विधी सेवा प्राधिकरणाच्या शिबिरांच्या बातम्या आपल्या जिल्हा पानावर नियमितपणे छापून येतात. दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते झाले, किती नागरिकांनी लाभ घेतला आणि आभार कोणी मानले, एवढे त्यांतून कळते. शिबिर आटोपल्यावर ज्या वकिलाच्या हाती एखादे प्रकरण सोपवले जाते, त्याला त्या विषयातले कितपत येते, हे मात्र विचारण्याची पद्धत नाही. मी असे एक वनहक्काचे, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरील हक्काचे, प्रकरण गेल्या वर्षी स्वखुशीने मागून घेतले होते आणि त्या विषयातले मला जवळजवळ काहीच येत नव्हते. त्याची हकिकत आणि तीवरून सुचलेली एक मागणी या पत्राद्वारे मांडत आहे. अशिलाची ओळख पटू नये म्हणून गावाचे, तालुक्याचे व कार्यालयांचे नाव मुद्दाम देत नाही.

मी उत्तर महाराष्ट्रातील एका आदिवासीबहुल तालुक्याच्या न्यायालयात वकिली करते. सनद मिळून आता पाचवे वर्ष चालू आहे. वाटपाचे दावे, मनाई हुकमाचे अर्ज, धनादेश न वटल्याच्या फिर्यादी आणि अधूनमधून एखादा वारस दाखला, यांवर माझे काम चालते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनुसार मोफत विधी सहाय्याच्या पॅनेलवर येण्यासाठी सर्वसाधारणपणे किमान तीन वर्षांची वकिली लागते. ती पूर्ण होताच मी अर्ज केला आणि यादीत नाव लागले. ती तीन वर्षे कोणत्या प्रकारच्या कामात गेली, हे मला कोणी विचारले नाही, आणि मलाही ते सांगावेसे वाटले नाही.

पॅनेलच्या एका बैठकीत विधी स्वयंसेवकाने एक वनहक्काचे प्रकरण आणले. सत्तरी ओलांडलेले आदिवासी दांपत्य, डोंगरउतारावरची सुमारे तीन एकर जमीन, ग्रामसभेने शिफारस केलेला दावा आणि तो नामंजूर केल्याचे उपविभागीय समितीचे पत्र, असा कागदोपत्री ऐवज होता. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही आणि याच कायद्यातील व्याख्या पाहता असे सहाय्य केवळ न्यायालयापुरते नसून न्यायिक स्वरूपाचे काम करणाऱ्या इतर प्राधिकरणांसमोरही मिळू शकते, त्यामुळे पात्रतेचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो कोण घेणार, एवढाच. ज्येष्ठ मंडळी आपापल्या डायऱ्या चाळू लागली. शेवटी जमिनीचाच तर वाद आहे, त्यात नवीन ते काय असणार, असा विचार करून मी हात वर केला. त्यावर टाळ्याही वाजल्या.

त्या नामंजुरीविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे करायच्या अपिलाचा पहिला मसुदा मी दोन रात्री जागून तयार केला. तो आजही माझ्याकडे आहे आणि वाचताना मान खाली जाते. सरकारविरुद्ध प्रतिकूल कब्जा, म्हणजे दीर्घ ताब्यावरून मालकी, सांगायचा तर तीस वर्षांची वहिवाट दाखवावी लागते, हे दिवाणी गणित डोक्यात पक्के असल्याने मी ती तीस वर्षे जुळवत बसले होते. वास्तविक २००६ च्या वनहक्क कायद्यात या गणिताला जागाच नाही. अनुसूचित जमातीच्या दावेदाराची जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून त्याच्या ताब्यात आहे का, हे तिथे पाहिले जाते, आणि सरकारच्या मालकीला आव्हान देण्याऐवजी आधीपासून असलेल्या हक्काला मान्यता मागितली जाते. कायद्याच्या प्रास्ताविकातच वननिवासींवर झालेल्या ऐतिहासिक अन्यायाचा उल्लेख आहे. पण आम्हा दिवाणी वकिलांना प्रास्ताविक ओलांडून थेट कलमांवर जाण्याची खोड असते. अपील मी एकट्या पतीच्या नावे लिहिले होते, तीही चूकच होती, कारण विवाहित दावेदाराच्या बाबतीत हक्काची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे व्हावी, असे कलम ४ सांगते. त्या आजी माझ्यासमोर दोन वेळा येऊन बसल्या होत्या आणि मी त्यांचे नावही टिपून घेतले नव्हते.

सर्वांत मोठी चूक पावत्यांची झाली. खताच्या गोणीतून शिवलेल्या पिशवीतून आजोबांनी शिधापत्रिका काढली, मतदार ओळखपत्र काढले आणि मग प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या तीन पावत्या टेबलावर ठेवल्या. त्या वन खात्याने वसूल केलेल्या दंडाच्या होत्या. सर्वांत जुनी १९८९ सालची, घडीवर फाटत आलेली, शाई तपकिरी पडलेली. राखीव वनात विनापरवाना नांगरट केल्याबद्दल पन्नास रुपये. माझ्या प्रशिक्षणाप्रमाणे हा गुन्ह्याचा कबुलीजबाब होता. अशिलाच्या हातून तो समोरच्याच्या हाती पडू देऊ नये, एवढे कोणत्याही शिकाऊ वकिलाला कळते. "हे कोणाला दाखवू नका," असे मी त्यांना बजावले. त्यांनी काही न बोलता त्याच घड्यांवर पावत्या पुन्हा मिटल्या.

गावच्या वनहक्क समितीचा सचिव, दहावी शिकलेला एक तरुण, त्यांच्यासोबत आला होता. तो बाहेर गेल्यावर परत आत आला आणि जरा अडखळत म्हणाला, "मॅडम, राग मानू नका, पण ती पावती पहिल्या पानाला लावा. आजोबा त्या साली तिथं नांगरत होते, हे खुद्द फॉरेस्टनंच लिहून दिलंय की." त्यानंतर त्याने मोबाईलवर मला नियम दाखवले. हे नियम २००८ चे असून सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांत मोठी दुरुस्ती झाली, आणि त्या दुरुस्तीतला नियम १२-अ हाच अपिलाचा खरा पाया आहे, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. समित्यांनी अमुकच एक कागद हवा असा आग्रह धरू नये, असे तो नियम सांगतो. दंडाच्या पावत्या, अतिक्रमणधारकांच्या याद्या, प्राथमिक गुन्हा अहवाल यांसारखे कागद असणे किंवा नसणे, एवढ्याच कारणावरून दावा फेटाळता येत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. उपग्रह छायाचित्र हे इतर पुराव्याला पूरक म्हणून वापरायचे, त्याची जागा घेण्यासाठी नव्हे, असेही तिथेच म्हटले आहे. माझ्या अशिलाचा दावा नेमका 'उपग्रह छायाचित्रात लागवड दिसून येत नाही' या एका ओळीवर नामंजूर झाला होता. डोंगरउतारावर नागली-वरईची शेती करणारे शेतकरी जमिनीचा तुकडा आलटून-पालटून पडीक ठेवतात, आणि उन्हाळ्यात काढलेल्या छायाचित्रात असा तुकडा उजाड दिसला तर त्यात नवल नाही. पण हे अपिलात मांडायचे तर आधी ते ठाऊक असायला हवे.

आमच्या बाररूमच्या कपाटात वनहक्क कायद्याची प्रत आहे, २०१२ ची दुरुस्ती मात्र नाही. ज्या हक्कासाठी मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर पायी गेले, त्या हक्काचे एकही अपील आमच्या बारमधील कोणी तोवर चालवलेले नव्हते. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नामंजूर दावेदारांना हटवण्याबाबत आदेश दिला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्याला स्थगिती दिली. त्यानंतर फेटाळलेल्या दाव्यांच्या फेरतपासणीचा विषय राज्यभर ऐरणीवर आला, तेव्हाही आमच्याकडे त्यावर एखादे व्याख्यान झाल्याचे कोणाला आठवत नाही. आडातच नव्हते, ते माझ्या पोहऱ्यात कुठून येणार?

मी अपील नव्याने लिहिले, आजींचे नाव घातले, पावत्या पुढे लावल्या आणि मुदतीत दाखल केले. साठ दिवसांची ही मुदत निर्णय दावेदाराला व्यक्तिशः कळवल्यापासून मोजायची असते आणि समितीला ती आणखी तीस दिवस वाढवता येते. आमचे पत्र ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बरेच दिवस पडून होते, त्यामुळे ही तरतूद वेळेवर सापडली हे नशीबच.

त्यानंतर सुनावणीला गेले ती न्यायालयात जाते तशीच, गाऊन हातावर टाकून. जिल्हास्तरीय समितीत जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात, उपवनसंरक्षक आणि आदिवासी विकास विभागाचे अधिकारी असतात, जिल्हा परिषदेचे सदस्य असतात. तिथे कागदावर निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडत नाही, पुरसीस (पक्षकाराचे लेखी निवेदन) चालत नाही, साक्षीदाराची सरतपासणी-उलटतपासणी नसते. मी साक्षीदार तपासण्याची परवानगी मागितली तेव्हा समोरच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. नियम १३ मध्ये पुराव्यांची जी यादी आहे, तिच्यात दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हा स्वतंत्र पुरावा आहे. ते जबाब मी आधीच नोंदवून जोडायला हवे होते. ते नसल्याने प्रकरण पुढच्या तारखेवर गेले आणि ती तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली.

दिवाणी दाव्यात तीन महिने म्हणजे काहीच नाही. इथे मात्र मधल्या काळात पाऊस सुरू झाला. निकाल लागेपर्यंत जमिनीत पाऊल टाकू नका, असे कोणीतरी त्या दांपत्याला येऊन सांगून गेले. पडताळणीची व मान्यतेची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत दावेदाराला ताब्यातील वनजमिनीवरून हटवता येत नाही, असे कलम ४ चे उपकलम ५ म्हणते. हे एक वाक्य त्यांना लिहून द्यायला मला कितीसा वेळ लागला असता? मी ते उपकलम वाचले तेव्हा आवणी होऊन गेली होती. त्या खरिपात त्यांनी भीतीपोटी निम्म्याच तुकड्यावर नागली लावली. त्याबद्दल ते मला कधी काही बोलले नाहीत, आणि पुढच्या भेटीला येताना पिशवीत कारली घेऊन आले.

यानंतर मी त्या जमिनीवर गेले. जायला आधीच हवे होते. एस.टी. उतरल्यावर दीड तासाची चढण होती. वर पोहोचल्यावर उतार अडवण्यासाठी रचलेला दगडी बांध दिसला, शेवाळ आणि मुळ्यांनी एकजीव झालेला. त्याच्या खालच्या अंगाला जुना आंबा होता आणि आंब्याखाली एका देवाचा दगड. नियमांच्या भाषेत ही सगळी 'भौतिक लक्षणे' आणि 'पारंपरिक रचना' होत, म्हणजे पुरावाच. सचिवाने मोबाईलवर एकेका ठिकाणाचे अक्षांश-रेखांश टिपले. शेजारच्या पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याचा जबाब मी तिथेच बसून लिहून घेतला. साल विचारले की ते गप्प होत. मग सचिवाने प्रश्न फिरवला, "बहात्तरच्या दुष्काळात हितं काय होतं?" त्यावर ते लगेच म्हणाले, की बांध तवा नव्हता, बांध दुष्काळ सरल्यावर घातला, आणि ह्याच्या बापाला फॉरेस्टनं पहिल्यांदा धरून नेलं त्या उन्हाळ्यात माझं लगीन झालं. साक्षीदाराकडून तारीख कशी काढावी हे चार वर्षांत मी जेवढे शिकले नव्हते, तेवढे त्या दुपारी शिकले.

जबाब, छायाचित्रे आणि नकाशा जोडून पुढच्या सुनावणीला गेल्यावर समितीने प्रकरण फेर पडताळणीसाठी परत पाठवले. ती अद्याप झालेली नाही. निर्णय विरुद्ध गेलाच, तर अनुसूचित क्षेत्रासाठी मे २०२० मध्ये राज्यपालांनी काढलेल्या अधिसूचनेमुळे विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे दाद मागण्याची सोय आता आहे, आणि निदान हे तरी मला आता आधीपासून ठाऊक आहे.

ही हकिकत मी बाररूममध्ये सांगितली तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले की जे काम येत नाही त्याला हातच घालू नये. शिकायचेच असेल तर पैसेवाल्याच्या प्रकरणावर शिकावे, गरिबाच्या नको. त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही, कारण माझ्या शिकण्याची किंमत निम्म्या नागलीच्या रूपाने दुसऱ्याच कोणीतरी मोजली होती. तरीही मला ते पूर्णपणे पटत नाही. वनहक्काच्या प्रकरणात फी नाही, म्हणून अनुभवी वकील तिकडे वळत नाहीत, आणि नवखा वळला तर त्याला नवखेपणाचा दोष लागतो. अशाने नामंजुरीचे पत्र घेऊन येणाऱ्या दांपत्याला कधीच वकील मिळायचा नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांतील नियम ४६ गरीब व पीडितांना मोफत सहाय्य देणे हे वकिलाच्या समाजाप्रति असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक मानतो. सनद मिळून दहा वर्षे झाल्यावरच ते लागू होते, असे त्यात कुठे लिहिलेले नाही.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. फौजदारी बाजूला या प्रश्नाचा विचार झालेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या अनोखीलाल प्रकरणात म्हटले, की जन्मठेप किंवा फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात न्यायालयाने नेमलेल्या वकिलाचा अनुभव किमान दहा वर्षांचा असावा आणि त्याला तयारीसाठी साधारणपणे किमान सात दिवस मिळावेत. आरोपींना मोफत वकील पुरवणाऱ्या, २०२२ पासून राबवल्या जाणाऱ्या लोकअभिरक्षक व्यवस्थेत तीन वर्षांहून कमी अनुभवाचा वकील सहायक म्हणून काम करू शकतो, पण त्याच्या वर उपमुख्य आणि मुख्य लोकअभिरक्षक असतात, आणि मुख्य होण्यासाठी दहा वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे नवख्याला दारातून परत न पाठवता त्याच्या बाजूला जाणता माणूस उभा करण्याची रीत या व्यवस्थेने स्वीकारलेली आहे. ती केवळ फौजदारी कामापुरतीच का, हे मला कळत नाही. वनहक्काच्या अपिलात कोणाचा जीव जात नाही हे खरे, पण तीन एकर जमीन जाते, आणि तिच्याबरोबर पुढच्या पिढ्याही उघड्यावर पडतात.

म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे माझी विनंती आहे, की पॅनेलवरील वकिलाने एखादे प्रकरण मागितले, तर त्या कायद्याखाली यापूर्वी काम केले आहे का, हे त्याला लेखी विचारावे. उत्तर 'नाही' असले म्हणून प्रकरण काढून घेऊ नये, तर नेमणुकीच्या त्याच पत्रात एका मार्गदर्शकाचे नाव घालावे. तो मार्गदर्शक वकीलच असावा असेही नाही. माझ्या बाबतीत तो दहावी शिकलेला सचिव होता. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत निवृत्त भूकरमापक असेल, तलाठी असेल, वर्षानुवर्षे दावे भरून देणारा संघटनेचा कार्यकर्ता असेल. त्याला येण्याजाण्याचा खर्च आणि थोडेफार मानधन मिळावे. वकिलालाही जमिनीवर जाण्याचा खर्च मिळावा, कारण मी भरलेल्या बिलाच्या नमुन्यात तारखांसाठी रकाना होता, डोंगर चढण्यासाठी नव्हता. बस भाड्याचा हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण पहिल्या महिन्यात मी तिथे गेले नाही याचे निम्मे कारण आळस असले तरी उरलेले निम्मे तेच होते.

अशिलालाही सांगायला हवे. मी पहिल्या दिवशी त्या दांपत्याला हे काम माझ्यासाठी नवीन आहे असे म्हटले नाही. त्यांचा विश्वास डळमळेल अशी भीती मला वाटत होती. फार उशिरा, जबाब नोंदवून परत निघताना सांगितले, तेव्हा आजी म्हणाल्या, "आमाला ठावं हुतं. पावती ठेवून द्या म्हनलात तवाच कळलं."

पॅनेलच्या गेल्या बैठकीत वनहक्काची आणखी दोन अपिले आली. त्यांतले एक माझ्याहून एका वर्षाने कनिष्ठ असलेल्या सहकाऱ्याने मागून घेतले आहे. नेमणुकीच्या पत्रात अजून त्याच्या एकट्याचेच नाव असते, तेव्हा त्याला २०१२ च्या दुरुस्तीची झेरॉक्स, सचिवाचा फोन क्रमांक आणि माझा तो फसलेला पहिला मसुदा मी देऊन ठेवला आहे. त्याच्या अपिलाची मुदत पुढील महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात संपते.

कळावे,
आपली विश्वासू,
एक तालुका वकील